कासव दगडावर उभं आहे

इंद्रायणीने वरदला होकार दिला. पण तसं काही झालंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ, कारण तळेगाव आणि लोणावळा या दोन्हीकडे सध्या तसंच धरलेलं आहे.

तर वरद मुलगी बघायला तळेगावहून लोणावळ्याला गेला. सोबत त्याची आई ज्योत्स्नाताई आणि हे स्थळ आणणाऱ्या वासंती मावशी. मावशींनी जुळवलेली लग्नं पुष्कळ आहेत आणि त्यातली काही टिकलीही आहेत. गाडी वरदची, नवी, विजेवरची. ती इतकी गुपचूप अंगणात शिरली की पाहुणे आलेत हे घरात कुणाला कळलंच नाही, आणि बेल मुलाकडच्यांनी वाजवावी की वाट बघावी यावर मंडळी बाहेर बराच वेळ चर्चा करत उभी राहिली.

पोहे झाले. मुलीचे वडील गोपाळकृष्ण सर शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी वरदला सतराचा पाढा सोडून बाकी सगळं विचारलं. मग मावशी म्हणाल्या, "आता मुलांना जरा मोकळेपणाने बोलू द्या."

मोकळेपणासाठी घरात जागा नव्हती. गच्चीवर पापड वाळत होते, आतल्या खोलीत आत्या झोपल्या होत्या.

"गाडीत बसा," सर म्हणाले. "पण चालू करू नका."

"चालूच आहे, सर. आवाज येत नाही."

सरांनी गाडीकडे असं पाहिलं, जणू ती वर्गात मागच्या बाकावर बसलीय.

काचा बंद, एसी गार. वरदने विचारलं, "तुमचे छंद काय?"

"वाचन. तुमचे?"

"माझंही वाचनच."

दोघंही खोटं बोलत होते. थोड्या वेळाने इंद्रायणीने समोरच्या पडद्याकडे बोट केलं. "यावर गेम आहेत का हो?"

"आहेत. गाडी उभी असली की चालतात."

"मग लावा ना. गाडी उभीच आहे."

गेममध्ये एक बदक होतं आणि एक कासव. नदीकाठाने दोघांनी घरी जायचं. बदक वरदने स्टिअरिंगवरच्या बटणांनी चालवायचं, कासव इंद्रायणीने पडद्यावर बोटाने. वाटेत दारं. प्रत्येक दारापुढे दोन दगड, आणि दोघं एकाच वेळी दगडांवर उभे राहिले तरच दार उघडणार. एकट्याने कितीही उड्या मारल्या तरी नाही.

"अहो, दगडावर या ना."

"आलो, आलो."

"दगड नाहीये तो! मगर आहे!"

बदक गेलं. नवीन आलं. दुसऱ्या दारापाशी तेही गेलं. तिसऱ्या दारापाशी इंद्रायणी ओरडली, "अरे गाढवा, डावीकडे म्हटलं ना!"

मग ती कानापर्यंत लाल झाली. वरदला आजवर गाढव खूप जणांनी म्हटलं होतं, वडिलांनी तर वाढदिवसालाही. पण अंगावरून मोरपीस फिरावं तसं कुणी म्हटलं नव्हतं.

"डावीकडे मी गेलो तर उजवीकडे कोण, तुझी आत्या?" तो म्हणाला.

त्यानंतर अहो-जाहो संपलं. तिने डॅशबोर्डवर थापा मारल्या, त्याने कोपरापासून हात जोडले, तिने हताश होऊन तिथेच कपाळ टेकलं. शेवटच्या दाराशी कासव आपल्या दगडावर चढलं, बदक दोन उड्यांवर होतं, आणि ज्योत्स्नाताईंनी काचेवर टकटक केलं. "निघायचं ना रे?"

"राहू दे असंच," इंद्रायणी उतरताना म्हणाली. "पुढच्या वेळी इथूनच."

स्वयंपाकघरात जाऊन तिने आईला सांगितलं, "मला चालेल." आईने ते पदराला बांधून ठेवलं. मुलीकडून आधी कळवायचं नसतं.

वरदला घरी परतताना आईने विचारलं, "कशी वाटली?" पहिल्याच दिवशी हो म्हणायची लाज वाटून तो म्हणाला, "बघू."

मागच्या सीटवर वासंती मावशींनी उसासा टाकला. त्यांनी खिडकीतून सगळं पाहिलं होतं. ऐकू काहीच आलं नव्हतं. मुलगी थापा मारतेय, मुलगा हात जोडतोय, मुलगी तोंड लपवतेय. त्यात आता हे "बघू". कुणाचं मन दुखवायला नको म्हणून त्यांनी दोन्ही घरी फोन करून एकच वाक्य सांगितलं: "पत्रिका जुळत नाही हो."

आपल्याकडे याचा अर्थ समोरच्याचा नकार. मग कोण म्हणालं, कुठला ग्रह आडवा आला, हे विचारायचं नसतं. "योग नव्हता" म्हणायचं आणि चहा ठेवायचा. दोन्ही घरी चहा ठेवला गेला.

वरद रोज संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसायचा. कासव दगडावर उभं असायचं, अधूनमधून डोळे मिचकावायचं. बदकाला तो पुढे नेऊन दुसऱ्या दगडावर उभं करायचा नाही. दार उघडलं असतं आणि खेळ संपला असता. ज्योत्स्नाताई विचारायच्या, "एवढी गाडी घेतलीस, कुठे जात का नाहीस?" तो म्हणायचा, "आत्ताच लोणावळ्याहून आलो."

पुढे एकदा मावशींना तांदूळ आणायला कामशेतला न्यायचं होतं. पोत्याशेजारी ऐसपैस बसत मावशी म्हणाल्या, "बरं झालं मी ते स्थळ तिथंच थांबवलं. काय भांडत होतात रे काचेच्या आत!"

वरदने गाडी कडेला घेतली. मग मावशींना आणि पोत्याला घरी सोडून त्याने इंद्रायणीचा बायोडेटा शोधून काढला.

बायोडेटावर नंबर वडिलांचाच असतो. गोपाळकृष्ण सरांनी फोन उचलल्यावर वरदच्या तोंडून निघालं, "सर, तुमच्या मुलीची छत्री माझ्या गाडीत राहिली."

"आमच्या सगळ्या छत्र्या घरात आहेत," सर म्हणाले. "थांबा, तिलाच मोजायला सांगतो."

फोन तिच्या हातात गेला. वरदने एका दमात सगळं सांगितलं: थापा, खिडकी, पत्रिका, मावशी.

"मी हो म्हटलं होतं," ती म्हणाली.

"मी बघू म्हटलं होतं. म्हणजे होच."

"साखरपुडा झाला माझा. चिंचवडचे आहेत. चांगले आहेत हो."

तिच्या त्या 'हो'पाशी वरदला कळलं, की 'अरे' आता परत मिळायचं नाही.

"कासव कुठंय?" तिने विचारलं.

"दगडावरच आहे."

"हलवू नका. तेवढं करा माझ्यासाठी." मग मोठ्याने, सरांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "नाही, छत्र्या सगळ्या आहेत!"

त्याच आठवड्यात गाडीच्या पडद्यावर सूचना आली: नव्या अपडेटनंतर हा गेम बंद होईल आणि जपून ठेवलेले सर्व डाव पुसले जातील. आपण सहकार्य कराल ही आशा. वरदने सहकार्य केलं नाही. त्याने कंपनीला अर्ज पाठवला.

प्रति,
मा. व्यवस्थापक,
बदक व कासव विभाग (असल्यास)

विषय: अपडेट बेमुदत पुढे ढकलणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, अर्जदाराच्या वाहनातील डाव दुसऱ्या खेळाडूच्या अनुपस्थितीमुळे अपूर्ण आहे. सदर खेळाडूने आपली जागा सोडलेली नसून कासव आजही दगडावर हजर आहे. अनुपस्थितीचे कारण कौटुंबिक व विवाहविषयक आहे. परत येण्याची तारीख कळविता येत नाही.

सबब, दुसरा खेळाडू परत येऊन अर्जदारास एकेरीत हाक मारेपर्यंत सदर दार बंद, सदर कासव जागे व सदर वाहन उभे ठेवण्यास आपल्या स्तरावरून मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.