ठमीचा ओढा

लोकांना नावं ठेवण्यात माझी धाकटी बहीण पटाईत. ओढ्यांना नाव ठेवण्याचा पगार मात्र मला मिळतो, कारण मी नकाशे काढतो.

त्या सकाळी एका छोट्या नदीचा पाणलोट माझ्यासमोर होता. सात ओढे उतारावरून येऊन तिला मिळत होते. जुन्या नकाशावर सहांची नावं होती: मामाचा, सुईणीचा, शिंप्याचा, थोरलीचा, मुक्याचा, जावेचा. सातवा बिननावाचा, आणि आमचा संगणक नावाचा रकाना रिकामा सोडू देत नाही.

तेवढ्यात बहिणीचा फोन आला. आईचं शिवणयंत्र कोणी न्यायचं यावरून आमची जुंपली. आम्ही लहानपणापासून एकमेकांना पाण्यात पाहतो. वाट्टेल ते बोलतो, पण खोटं कधी बोलत नाही, एवढीच आमच्यातली माया. "मेला खडूस!" म्हणून तिने फोन आपटला. मीही रागाने रकान्यात तिचं टोपणनाव ठोकलं. ठमीचा ओढा. वाकडी वळणं आणि अखंड बडबड, तिला शोभणारंच होतं.

खरं नाव मिळालं की बदलणार होतो. नावाला तिथल्या रहिवाशाची सही लागते, म्हणून दुपारी लॅपटॉप घेऊन ओढ्याकाठच्या पिठाच्या गिरणीत गेलो.

"या सातव्याला काय म्हणता?" मी विचारलं.

"ठमीचा ओढा," गिरणीवाला म्हातारा पीठ झटकत म्हणाला. "आजोबांपासून तेच."

ते नाव तर मी त्याच सकाळी ठोकलं होतं. "ही ठमी कोण?"

"ते नकाशेवाल्यांना ठाऊक. मामाच्या ओढ्यातला मामा म्हणजे त्या पहिल्या नकाशेवाल्याचाच मामा. नाव लागलं आणि आठवड्यात गेला. पाणी दिसत नव्हतं कुठे, पण बुडालेलाच निघाला. नाव ठेवलं की ओढा माणूस ठेवून घेतो."

मी तसाच काठावर गेलो. पाणी घोटाभरच होतं. त्यात माझ्या प्रतिबिंबाच्या जागी ठमी होती. केस तरंगत होते, तोंड भांडताना हलतं तसं हलत होतं. इतकी वर्षं तिला पाण्यात पाहिलं, आणि आता बघवेना.

मी फोन लावला.

"दादा," ती म्हणाली. ती मला दादा म्हणाली तिथेच माझा धीर सुटला. "घरात पाणी चढतंय रे. चौथा मजला, नळ सगळे बंद, तरी गुडघ्यापर्यंत आलंय. दार उघडत नाहीये."

"फोन ठेवू नकोस," मी ओरडलो. गिरणीच्या ओट्यावर लॅपटॉप उघडून 'ठमी' पुसलं. रकाना रिकामा घेईना. काहीतरी नाव टाकायला बोट उचललं, पण जे सुचेल ते कुणाचं तरी होतं. शेजारी, साहेब, धोबी, सगळ्यांना कुणीतरी घरी वाट बघणारं होतं. मलाही होतंच की. पण ती फोनवर रडत होती, आणि ठमीला रडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

तिनेच मला ठेवलेलं नाव मी टाकलं.

"अगं बाई," पलीकडून आवाज आला. "ओसरलं! फरशी कोरडी ठणठणीत. मला वेडबिड लागलं की काय?"

मी कागदावर नवं नाव लिहून म्हाताऱ्यापुढे धरलं. त्याने डोळ्याची पापणीही न हलवता सही केली.

"खडूसचा ओढा," तो म्हणाला. "आजोबांपासून तेच."

ओट्यावर पाण्याचा थेंब नव्हता, तरी माझे मोजे भिजले होते. गार पाणी पोटरीपर्यंत चढत होतं.

"ऐकतोयस ना?" ठमी आता हसत होती. "शिवणयंत्र तूच ने. ए मेल्या खडूसा, घरी कधी येतोस?"

"संध्याकाळी येतो," मी म्हणालो. तिच्याशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो.