थोरल्याच्या मानेवरचा टिळा

तापीच्या फुगवट्यावर झुलालनाना बारा वर्षं बोट चालवत होते, आणि बारा वर्षांत त्यांनी चाकाला कधी उष्टा हात लावला नव्हता. बोट गावानं मिळून घेतलेली. जीव मात्र नानांचा. मागं दोन इंजिनं. मधधारेत एक बंद पडलं तर दुसरं काठाला लावील, एवढाच त्यामागचा विचार. उजव्याला नाना थोरला म्हणत, डाव्याला धाकटा. पुढचं एकच चाक दोघांना वळवी. चाकाकडून आलेली जाड तार धाकट्याच्या मानेला, तो जिथून वळतो त्या सांध्याला, जोडलेली, आणि धाकट्यापासून थोरल्यापर्यंत एक लोखंडी दांडी. जुवाला जुंपलेल्या बैलांसारखं. एक वळला की दुसऱ्यानं वळायचंच.

दसरा उलटला आणि हे चाक जड होऊ लागलं. जड तरी एकसारखं असावं! तसंही नाही. अर्धा फेरा दात-ओठ खाऊन द्यावा, तर पुढचा झटक्यानं सुटे आणि बोट बांधाकडे धावे. एकदा भाजीच्या टोपल्यांसकट कुंदाबाई कलंडता कलंडता वाचली. माणसं हळूहळू नानांच्या हातांकडे बघायला लागली. शेवटी बोटीचा कारभार पाहणारे अभिमनभाऊ घरी आले, चहा घेतला, आणि फार मऊ आवाजात म्हणाले, दत्तजयंतीला महाराजांना यंदा आपला तरणा हितेंद्र पलीकडं नेईल. नाना, वय कोणाला चुकलंय?

त्या मऊपणानंच नानांना जास्त लागलं. पलीकडच्या दत्ताच्या देवळात प्रेमराज महाराजांचं काल्याचं कीर्तन असे. जाताना महाराज बोटीतच गुणगुणत, वीणेची खुंटी पिळत, आणि नानांना वाटे की कीर्तनाचा पहिला घास देवाच्याही आधी आपल्याला मिळाला. आता तेही गेलं. बरं, भांडावं कोणाशी? हात थकले हे त्यांना स्वतःलाच पटलं होतं.

पटलं नव्हतं ते त्यांच्या बायकोला, ताईबाईला. ती चुलीपुढून म्हणाली, "भरेल घागर उचलतस ना तुम्ही? मंग हातले काय व्हयनं?" आणि भाचीकडून नंबर मिळवून तिनंच फत्तेसिंगला बोलावलं.

फत्तेसिंग सातपुड्यातला पावरा आदिवासी. धरणामुळे नर्मदेचं पाणी डोंगरात चढलं, वाटा बुडाल्या, तेव्हापासून तिकडं बोटी चालतात. त्यांच्या इंजिनांवरच त्याचा हात बसलेला. दत्तजयंतीच्या सकाळी तो मोटारसायकलवरून उतरला. खांद्याला पिशवी, त्यात नट खोलायचे चार पाने आणि एक ग्रीसगन. नानांना वाटलं होतं, येईल आणि इंजिन खोलायला बसेल. तो बसला खरा, पण काठावर, आणि विचारलं, "इंजिन बंद असतानाही चाक जड लागतं का, नाना?"

बंद इंजिनावर चाक फिरवून बघावं, हे नानांच्या मनातच आलं नव्हतं. फिरवलं. तेवढंच जड.

मग पाण्याचा जोर नाही, इंजिनाच्या पंख्याचाही नाही, असं म्हणत फत्तेसिंगनं जणू निम्मी नदी बाजूला सारली. मग तो मागं गेला आणि दोन इंजिनांमधली दांडी सोडवली. "आता फिरवा."

नानांनी सवयीनं पाय रोवले, छाती भरून घेतली आणि चाकाला जोर लावला. चाक फुलासारखं फिरलं. इतकं हलकं, की नाना त्या जोरासरशी बाकावर आदळले. मागं एकटा धाकटा निमूटपणे इकडून तिकडं वळत होता.

"चाक चांगलं, तार चांगली, धाकटाही चांगला," फत्तेसिंग म्हणाला. मग नानांच्या दंडावर हात ठेवून अगदी सहज म्हणाला, "अन् हे पन चांगलं शे."

आयुष्यभर नानांनी कीर्तनात ऐकलं होतं: देह मी नव्हे, मन मी नव्हे, असं एकेक बाजूला ठेवत जावं, मग जे उरतं ते खरं. माना डोलवल्या होत्या, डोळे पुसले होते. आज कोणी ते पान्यानं करून दाखवत होतं. त्यांच्या अंगावर काटा आला. चूक शोधायला हा माणूस चुकीमागं धावत नव्हता. जे बरोबर आहे ते सोडवून ठेवत होता, आणि चूक बिचारी आपोआप एकटी पडत होती.

एकटा पडला होता थोरला. फत्तेसिंगनं दोन्ही हातांनी रेटा दिला, तेव्हा कुठं तो करकरत बोटभर हलला. मग त्यानं थोरल्याच्या मानेवरून अंगठा फिरवला. तिथं शेंदराचा जाड थर होता, वाळून दगड झालेला.

नानांचा चेहरा उतरला. खंडेनवमीला गावात नांगराची, विळ्याची, ट्रॅक्टरची पूजा होते, तशी त्यांनी इंजिनांची केली होती. धाकट्याला हळदकुंकू. थोरल्याला मात्र यंदा तेलात कालवलेला शेंदूर, कारण थोरला मारुतीसारखा भार वाहतो. मानेवर एक बारीक बोंड वर आलेलं; टिळ्याला तीच जागा त्यांना गोजिरी वाटली. मग दर शनिवारी एकेक बोट शेंदूर चढत गेला.

"नाना, ग्रीस जातं ते या बोंडातूनच. दसऱ्यानंतर भरलं का?"

"धाकट्याला भरलं." नानांचा आवाज खाली गेला. "याला नाही. देवाच्या टिळ्यावर गनचं तोंड कसं लावू?"

फत्तेसिंग हसला नाही. त्यानं आधी थोरल्याला हात जोडले, मग टोकदार सळईनं शेंदूर खरवडला, सुईनं बोंडाचं भोक मोकळं केलं, त्यात रॉकेल सोडून इंजिन कितीतरी वेळ डावीउजवीकडे झुलवलं, आणि ग्रीसगन लावली. नाना पापणी न हलवता बघत होते. सांध्याच्या खालून आधी काळा गाळ आला, मग तांबूस, आणि मग लोण्यासारखं स्वच्छ ग्रीस. त्यांनी नकळत टोपी काढून हातात घेतली.

दांडी पुन्हा जोडेपर्यंत अभिमनभाऊ आले. मागं टाळांची पेटी घेऊन हितेंद्र, आणि काठीच्या आधारानं महाराज. काय बिघाड होता, अभिमनभाऊंनी विचारलं. ग्रीस सुकलं होतं, एवढंच सांगून फत्तेसिंग हात पुसायला लागला. तेवढ्यावर भागलंही असतं.

"सुकलं नव्हतं, मी कोंडलं होतं," नाना म्हणाले, आणि शनिवारच्या शेंदरासकट सगळं सांगून टाकलं. "कुंदाबाई पडली असती तर ते पाप माझं. चाक कोणाला द्यायचं ते आता तुम्हीच ठरवा."

अभिमनभाऊंनी चाकावर बोट ठेवलं. एकच बोट. मागं थोरला आणि धाकटा मिळून वळले, दोन गडी एका तालावर मान वळवतात तसे. त्यांनी दुसरीकडं वळवलं, तसेच वळले. मग चाक सोडून ते नानांच्या वाटेतून बाजूला झाले आणि हितेंद्रला म्हणाले, "टाळ नीट धर, भिजतील."

महाराज नानांच्या शेजारी बसले. "टिळा कपाळावर शोभतो, नाना," ते म्हणाले, "सांध्यात नाही."

नानांनी वर बघितलं. थोरल्याच्या झाकणावर रुंद, मोकळी जागा होतीच. खरवडलेल्या शेंदरातला एक कण तिथं तेलाच्या बोटानं लावून त्यांनी दोन्ही इंजिनं चालू केली. बोट काठापासून सुटली. महाराजांनी वीणेची खुंटी पिळली, आणि मधधारेत नानांची दोन बोटं चाकावर नुसती टेकलेली होती.