गाडी ऐकू येते का?

ग्लेनिसची जुनी पेट्रोलची गाडी ऐन थंडीत कायमची बसली. होबार्ट शहरातल्या आमच्या मूना भागाच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, वाकून आत बघितलं आणि फडक्याला हात पुसत म्हणाला, "बाई, आता हिच्यावर काही खर्च करू नका." ग्लेनिसला गाडीवाचून चालणारं नव्हतं. ती ग्लेनॉर्कीच्या वृद्धाश्रमात नर्स. ड्यूटी कधी सकाळची, कधी संध्याकाळची, आणि रविवारी आमच्या भागात बस म्हणजे नशिबाचा भाग. मी तिची शेजारीण. आमच्या घरांमध्ये लाकडी कुंपण आहे, पण आम्ही दोघींनी बोलून बोलून ते झिजवलंय.

"मॉरीन, ती विजेची छोटी गाडी घ्यावी म्हणते," कपडे वाळत घालता घालता ती हळू आवाजात म्हणाली. "छपरावर सोलर आहेच. माझं जाणं-येणं सगळं होबार्टमधल्या होबार्टमध्ये. सगळं जुळतंय गं. पण नेविलला सांगू कुठल्या तोंडाने?"

मी कुंपणावरून तिला चिमटे दिले.

नेविल तिचा नवरा. तरुणपणी सिटी बसवर ड्रायव्हर होता. डोळ्यांचा पडदा झिजत जाणारा आजार निघाला. आधी अंधारातलं दिसेना, मग कडेचं, आणि पन्नाशी गाठायच्या आत सगळंच गेलं. पुढे त्याला टॅन्सी मिळाली. काळी लॅब्रॅडोर, आंधळ्या माणसाला वाट दाखवायला शिकवलेली. पाठीवरच्या पट्ट्याची मूठ नेविलच्या डाव्या हातात असली की ती गंभीर. पट्टा काढला की माझ्या अंगणातले फुलझाडांचे कंद उकरायला मोकळी. ती आल्यापासून नेविल पुन्हा गावभर हिंडायला लागला होता.

मग एके दिवशी सुपरमार्केटच्या मागच्या गल्लीत ती एका विजेच्या गाडीखाली गेली. गाडी वेगात नव्हती, कोपऱ्यावरून हळू वळत होती. टॅन्सी आडवी झाली, नेविल मागे फेकला गेला आणि त्याचं मनगट मोडलं. प्राण्यांच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती राहिली नाही. गाडी चालवणारी जोसी हॅलोरन, मेन रोडवरच्या औषधांच्या दुकानात काम करणारी. ती नंतर फुलं घेऊन आली होती. ग्लेनिसने फुलं दारातच घेतली आणि दार लावलं. नेविल मागच्या खोलीतून बाहेर आलाच नाही.

तेव्हापासून तो एकटा फाटकाबाहेर पडला नव्हता. नवा कुत्रा देऊ केला तर "नको" म्हणाला. रस्त्यावरून तसली गाडी गेलीय असं कुणी बोललं की त्याचा चेहरा बंद व्हायचा. त्या गाड्यांवर त्याचा राग आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

पण विषय त्यानेच काढला. मी मटणाचं सारण भरलेली पॅटिस घेऊन त्यांच्याकडे गेले होते. जेवता जेवता तो म्हणाला, "तुम्ही दोघी कुंपणाशी काय कुजबुजता ते मला ऐकू येतं बरं का. डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत."

ग्लेनिसचा काटा हातातच राहिला. "नेविल, मी नुसती चौकशी..."

"चौकशी कसली? चल, बघून येऊ. मीही येणार. आणि मॉरीन, तूही ये. माझ्याजवळ उभं राहायला कुणीतरी लागेल."

गाडी बघायला जाताना याच्याजवळ उभं कशाला राहायचं, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

शोरूममधला ब्रोडी नावाचा विक्रेता अघळपघळ बोलणारा, चकचकीत बुटांचा. त्याच्याकडे आमच्या ऐपतीतल्या दोन गाड्या होत्या. एक जपानहून आलेली, वापरलेली, स्वस्त. दुसरी नवी कोरी, चिनी, जरा लहान आणि जरा महाग. वापरलेलीच्या टपावर थाप मारत तो म्हणाला, "आणि सगळ्यात भारी गोष्ट सांगू सर? आवाज नाही! मांजरासारखी जाते. शेजाऱ्यालासुद्धा कळत नाही कधी गेली ते."

ग्लेनिसने डोळे मिटून घेतले. नेविल पांढरी काठी दोन्ही हातांत धरून उभा होता.

"हो," तो म्हणाला. "तेच बघायला आलोय."

ब्रोडीला काही कळलं नाही, पण आपण काहीतरी चुकीचं बोललो एवढं कळलं. नंतर बराच वेळ तो जपून बोलत होता.

आधी वापरलेली गाडी काढली. ग्लेनिस चालवायला, नेविल तिच्या शेजारी, मी आणि ब्रोडी मागे. नेविलने दाराची कड, समोरचा कप्पा, सीटबेल्टचं बक्कल असं सगळं बोटांनी चाचपलं. गुडघे पुढे टेकतात का ते बघितलं.

"डिकी केवढी आहे गं?"

"आठवड्याचं सामान आणि तुझी कुरकुर मावेल."

"मग मोठीच म्हणायची."

रस्ता त्याने सांगितला. वेस्ट होबार्टच्या चढाचे रस्ते, जिथे उभं राहिलं तरी पोटऱ्या भरून येतात. 'थांबा' लिहिलेल्या एका पाटीशी, जिथे गाडीचं नाक आकाशाकडे लागतं, तिथे तो म्हणाला, "आता ब्रेकवरचा पाय काढ." ग्लेनिसने घाबरत काढला. गाडी जागची हलली नाही. मग अलगद वर निघाली. ना घरघर, ना थरथर.

नेविलने समोरच्या कप्प्यावर तळहात टेकवला. "या चढावर माझी बस रोज सकाळी रडायची," तो म्हणाला. "मागच्या बाकावरच्या बायका दांडी धरून येशूला हाक मारायच्या. मी म्हणायचो, त्याच्याकडे लायसन्स नाही, मलाच चालवू द्या."

ब्रोडी हसला. उतारावर ग्लेनिसने अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला तर गाडी आपली आपणच धीमी झाली आणि तेवढ्यात बॅटरीत थोडी वीज परत गेली. "ब्रेक कमी झिजतात," ब्रोडी म्हणाला. मग, आधीच्या चुकीमुळे असेल, आपणहून त्याने हेही सांगितलं की जुन्या बॅटरीचा थंडीत पल्ला घटतो, हीटर लावला तर आणखीच.

"नर्सला थंडीची सवय असते," ग्लेनिस म्हणाली. तिला गाडी आवडली होती. आवाजावरूनच कळत होतं, आणि तो आवाज ती दाबत होती हेही.

"बरी आहे," नेविल म्हणाला. त्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ.

मग त्याच रस्त्याने नवी गाडी. तीही चढली, तीही उतरली. डिकी मात्र लहान. हळू चालताना तिच्यातून एक बारीकशी गुणगुण यायची, दूरच्या खोलीत कुणी एकच सूर धरून बसावं तशी. ब्रोडी म्हणाला, आता नव्या गाड्यांना पायी जाणाऱ्यांसाठी असा आवाज लावावाच लागतो. नेविलने मान तिरकी करून तो ऐकला.

शोरूमशी परत आल्यावर ग्लेनिस सीटबेल्ट सोडायला लागली तेव्हा तो म्हणाला, "अजून झालं नाही. आता सुपरमार्केटच्या मागे जायचं. दोन्ही गाड्या घेऊन."

"नेविल, नको रे."

"गाडी तपासायचीय ना? मग तिथे तपासू."

ग्लेनिसने माझ्याकडे बघितलं. मी ब्रोडीला बाजूला घेऊन थोडक्यात सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा विक्रेता उतरला. त्याने आत जाऊन साहेबांना काय सांगितलं कोण जाणे, पण नव्या गाडीची किल्ली घेऊन तो आमच्या मागोमाग निघाला.

ती गल्ली मी त्यानंतर पहिल्यांदाच बघत होते. एका बाजूला माल उतरवायचा फलाट, दुसऱ्या बाजूला कचऱ्याच्या लोखंडी पेट्या, आणि भिंतीवर शीतगृहाचे मोठे पंखे अखंड घोंघावत होते. डोंगरावर बर्फ पडलेला, तिकडून वारा येत होता. नेविलने काठीने फूटपाथची कड शोधली. दोन पावलं डावीकडे सरकला, पुन्हा कड चाचपली आणि थांबला.

"इथे," तो म्हणाला. "ती माझ्या डाव्या हाताला होती."

मग त्याने सगळं नीट समजावून सांगितलं. ग्लेनिसने फलाटाच्या कोपऱ्यावरून वापरलेली गाडी घेऊन यायचं, माणूस चालतो तेवढ्या वेगाने, आणि पुढे निघून जायचं. ब्रोडीने गल्लीच्या तोंडाशी थांबून दुसरं कुणी येऊ द्यायचं नाही. मी नेविलचा दंड धरून उभं राहायचं आणि तोंड बंद ठेवायचं. गाडी ऐकू आली की तो हात वर करणार.

ग्लेनिस कोपऱ्याआड गेली. नेविलने हनुवटी थोडी वर केली. इतकं मन लावून ऐकणारा माणूस मी आजवर बघितलेला नाही. त्याच्या दंडातली नस माझ्या बोटांना लागत होती.

गाडी कोपऱ्यावरून वळली. जवळ आली. काचेमागे ग्लेनिसचा पांढरा पडलेला चेहरा दिसला. गाडी आमच्यासमोरून गेली, हात लांब केला असता तर आरशाला लागला असता इतक्या जवळून, आणि पेट्यांपाशी जाऊन थांबली. नेविलचा हात खालीच होता. तो तसाच कान देऊन उभा.

"अजून निघाली कशी नाही ही?" तो म्हणाला.

मी पेट्यांपाशी थांबलेल्या गाडीकडे बघितलं.

"मॉरीन?"

"ती गेली, नेविल. तुझ्यासमोरून गेली."

त्याने मान माझ्याकडे वळवली. "पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा केलं. आता गाडी येणार हे त्याला ठाऊक होतं, तरी नाही. आणखी एकदा केलं तेव्हा चाकाखाली खडी चुरडली आणि त्याने हात उचलला, पण तोवर गाडी पुढे गेली होती.

नेविलने काठी खाली ठेवली आणि फूटपाथच्या कडेवर बसला. मला वाटलं चक्कर आली. पण तो रडत होता. मोठा माणूस रडतो तसा, आवाज न करता, खांदे हलवत. ग्लेनिस गाडीचं दार उघडं टाकून धावत आली.

"मी थांबलो होतो," तो म्हणाला. "त्या दिवशी मी इथे थांबलो, ऐकलं. काही नव्हतं. म्हणून मी तिला 'चल' म्हटलं. ती निघाली ती मी म्हटलं म्हणून. मला वाटायचं, मी नीट ऐकलंच नसणार. माझं चित्त दुसरीकडे असणार. डोळे तर नाहीतच, कान तरी लावायचे होते ना? तेवढंही जमलं नाही मला, असं वाटायचं."

ग्लेनिस त्याच्याजवळ थंडगार दगडावर बसली. "एवढे दिवस मला का नाही सांगितलंस?"

"तू गाडीला शिव्या घालत होतीस. तेवढं ऐकून बरं वाटायचं मला."

ती हसली आणि तिलाही रडू आलं. मी पंख्यांकडे बघत उभी राहिले. दुसरीकडे कुठे बघायचं तेच कळत नव्हतं.

ब्रोडी बऱ्याच वेळाने जवळ आला. "सर," तो अगदी हळू म्हणाला, "नवी आणू का?"

नेविलने नाक पुसलं. "आण."

या खेपेला ग्लेनिस त्याच्याजवळ थांबली आणि गाडी ब्रोडीने चालवली. ती कोपऱ्यावरून वळून थोडी पुढे आली आणि नेविलचा हात वर गेला. फार आधी नव्हे. पण एक पाऊल मागे घ्यायला पुरेल इतकं आधी. पुन्हा केलं, पुन्हा हात वर गेला. तेवढ्यात फलाटाशी एक मालट्रक येऊन इंजिन चालू ठेवून उभा राहिला. नेविल म्हणाला, "आता आण." आता मात्र तीही ऐकू आली नाही.

"बघितलंस?" तो ग्लेनिसला म्हणाला. "म्हणजे आवाज असून पुरत नाही. चालवणाऱ्याने बघायला पाहिजे."

"मी बघीन."

"तू बघशील. ते माहीत आहे मला."

त्यांनी नवी गाडी घेतली. महाग होती, डिकी लहान होती, आणि ग्लेनिसला रंगही पसंत नव्हता. त्यावर कुणी वाद घातला नाही. कागदांवर सही करताना ब्रोडीने विचारलं, तुमचा हा प्रयोग मी इतर गिऱ्हाइकांना सांगितला तर चालेल का? नेविल म्हणाला, "सांग. आणि ते मांजराचं सांगणं सोड."

पुढच्याच आठवड्यात त्याने ग्लेनिसला त्या औषधांच्या दुकानाशी गाडी थांबवायला सांगितली. मी मागे बसले होते. आम्ही तिघं आत गेलो. काउंटरमागे जोसी होती. नेविलला बघून तिच्या हातातला खोका खाली पडला.

"जोसी कोण?" नेविलने विचारलं.

"मी," ती म्हणाली. "मिस्टर प्रुडो, मी... मी तेव्हा आले होते घरी."

"ठाऊक आहे. मी आत होतो." त्याने काठी काउंटरला टेकवली. "मी तिथे तसलीच गाडी नेऊन बघून आलोय. तुझी गाडी मला ऐकू येणं शक्यच नव्हतं. म्हणजे माझी चूक नव्हती."

"नव्हतीच," ती म्हणाली. "माझी होती. मी उजवीकडे बघत होते, जागा शोधत होते. डावीकडे बघितलंच नाही. मी ते कधी नाकारलं नाही."

दुकानात दुसरी दोन-तीन गिऱ्हाइकंही होती. मला वाटलं, आता तो म्हणेल, जाऊ दे पोरी, झालं ते झालं. पण नेविल तसं म्हणाला नाही. जे मनात नाही ते बोलायचा त्याचा स्वभावच नाही.

"हं," तो म्हणाला. "ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्या दिवशी मी आतच बसून राहिलो, ते काही बरं केलं नाही." मग त्याने विचारलं, "आता चालवतेस का गाडी?"

"नाही. धीर होत नाही."

"चालव," नेविल म्हणाला. "तू आता बघशील."

ती तोंडावर हात घेऊन आत निघून गेली. ग्लेनिसने दुसऱ्या मुलीकडून खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि आम्ही बाहेर पडलो.

नव्या कुत्र्याचं अजून काही ठरलेलं नाही. कुत्र्यांना शिकवणारी बाई एकदा येऊन बसून गेली, नेविलने तिला चहा दिला आणि विचार करतो म्हणाला. पण सकाळी, ग्लेनिस कामावर गेली की तो टोपी घालतो, फाटक उघडतो आणि काठी टेकत कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जातो. पहिल्या दिवशी मी हातातली भांडी तशीच टाकून अंगणात आले होते. तो फूटपाथच्या कडेला कान देऊन थांबला होता, बराच वेळ. मग त्याने एक पाऊल खाली टाकलं.