काळूची साक्ष

२००६च्या मार्चमधला रविवार होता. शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या शेडखाली ख्रिस्ती मंडळीची उपासना चालली होती. वत्सलाबाई बायकांच्या बाजूला, मुलीशेजारी बसली होती. पाळकसाहेब म्हणाले, "पेठकडच्या डोंगरातून एक बंधू आलेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी प्रभूला स्वीकारलं. ते साक्ष देतील, आयुष्य कसं पालटलं ते सांगतील."

एक पिकल्या केसांचा माणूस पाय ओढत पुढे गेला. त्यानं माइक हातात घेतला आणि तो तोंड उघडायच्या आतच वत्सलाबाईनं त्याला ओळखलं. तो काळू होता, तिचा मोठा दीर.

पंधरा वर्षांपूर्वी वत्सलाचा नवरा झाडावरून पडून गेला. पुढे चार महिन्यांत शेजारच्या चंद्रभागेचं मूल वारलं. काळूनं पाड्यावर आवई उठवली की वत्सला भुताळी आहे, आधी नवरा खाल्ला, आता लोकांची पोरं खाते. त्याला भावाच्या वाट्याची भाताची दोन खाचरं हवी होती. एका सकाळी माणसं काठ्या घेऊन दारात आली. सहा वर्षांच्या पल्लवीचा हात धरून, आठ महिन्यांच्या मंगळूला कडेवर घेऊन वत्सला निघाली. मंगळूला वाटेतच ताप चढला. तिसऱ्या दिवशी घाटात तो गेला. रस्त्याचं काम करणाऱ्या मजुरांनी खड्डा खणून दिला.

नाशकात आल्यावर तिनं पंचवटीच्या भाजीबाजारात पाट्या उचलल्या. तिथं भाजी विकणाऱ्या मालनबाईनं तिला घरी नेलं, मंडळीत आणलं, इस्पितळात आयाचं काम मिळवून दिलं. पल्लवी शिकली, नर्स झाली.

"मी माझ्या भावजयीवर भुताळीचा आळ घेतला," काळू माइकवर सांगत होता. "तिला हाकललं. लय मोठं पाप केलं. पण देवाची करणी बघा, पाळकसाहेबांकडून मला तिचं सगळं कळलं! मी हाकललं नसतं तर ती शहरात आली नसती, तिला प्रभू भेटला नसता, तिची पोर नर्स झाली नसती. देवानंच माझ्या हातानं ते करवलं."

"आमेन," लोक म्हणाले. मालनबाईनं डोळ्यांना पदर लावला.

"आणि ती बहीण आज इथंच आहे," पाळकसाहेबांनी हसून वत्सलाबाईकडे हात केला.

वत्सलाबाई उठली, पण पुढे गेली नाही.

"भाऊजी, मंगळूचं नाही सांगितलंत."

काळूनं माइक खाली केला.

"माझा मुलगा घाटात मेला. तेही देवानंच करवलं का?"

"वत्सलाबाई," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत..."

"देवाचं मी देवाला विचारीन, साहेब. पंधरा वर्षं विचारतेय. ह्यांचं मला ह्यांना विचारू द्या." ती काळूकडे वळली. "देवानं माझं भलं केलं, ते त्याचं. तुम्ही केलंत ते तुमचं. ते त्याच्या अंगावर ढकलू नका."

चपला पायात घालून ती बाहेर पडली.

पुढचे दिवस तिचं कशातच लक्ष लागलं नाही. पुसलेली फरशी ती पुन्हा पुसायची. वॉर्डात जायला निघायची आणि जिन्यातच थांबायची. प्रार्थनेला डोळे मिटले की घाट दिसायचा, मग ती उठून भांडी घासायला घ्यायची. शेवटी पल्लवीनंच विषय काढला.

"आई, प्रभूला वधस्तंभावर माणसांनीच दिलं. तरी ते देवानं ठरवलेलं होतं, असं आपण मानतोच ना?"

"मानतो. म्हणून खिळे ठोकणारे सुटले का?"

"नाही. पण मग मंगळूच्या वेळी देव काय करत होता?"

"तेच तर मला स्वस्थ बसू देत नाही," वत्सलाबाई म्हणाली.

गुरुवारी दुपारी काळू इस्पितळाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. रविवारपासून तो मंडळीच्या शेडमध्येच राहिला होता.

"चुकलो," तो म्हणाला. "काय करू, सांग."

"मला इथं कोणी भुताळी म्हणत नाही. इथं साक्ष देऊन काय उपयोग? पाड्यावर द्या."

त्याचा चेहरा उतरला. "तिथं माझी पोरं राहतात, वत्सला. लोकं तोंडावर थुंकतील."

"माझ्यावर थुंकलेच होते."

त्या रविवारी उपासना चुकवून मायलेकी काळूबरोबर एसटीनं निघाल्या. घाट लागला तशी वत्सलाबाई खिडकीतून बघत राहिली, पण जागा ओळखू आली नाही. रस्ता रुंद झाला होता.

पाड्याच्या मधल्या अंगणात काळूनं माणसं बोलावली. माइक नव्हता, तो मोठ्यानं बोलला. "वत्सला भुताळी नव्हती. मला तिची खाचरं पायजे होती म्हणून मी खोटं बोललो. देवानं नाय करवलं. मीच केलं."

काठ्या घेऊन आलेल्यांपैकी एक म्हातारा उठून निघून गेला. काळूच्या थोरल्या मुलानं घरात जाऊन दार लावून घेतलं. मग बायकांतून चंद्रभागा पुढे आली. ती वाळून गेली होती.

"तू नाय, तर माझं पोर कोणी खाल्लं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही," वत्सलाबाई म्हणाली. "त्याला जुलाब लागले होते. अंगातलं पाणी गेलं. आमच्या इस्पितळात अशी पोरं रोज येतात."

"अन् वाचतात?"

वत्सलाबाईला 'नाही' असं खोटं सांगावंसं वाटलं, पण जमलं नाही. "बरीचशी वाचतात," ती म्हणाली.

चंद्रभागा मटकन खाली बसली. वत्सलाबाई तिच्याजवळ बसली. "माझाही वाटेत गेला," तिनं सांगितलं. चंद्रभागेला ते माहीत नव्हतं. दोघी रडल्या नाहीत. चंद्रभागेनं तिचं मनगट धरलं आणि बस यायची वेळ होईपर्यंत सोडलं नाही.

परतताना पल्लवीनं विचारलं, "बरं वाटतं का आता?"

"नाही," वत्सलाबाई म्हणाली. "पण भाऊजी बोलले, हे बरं झालं."

खाचरं परत करायचं काळूनं कबूल केलं, पण ते झालं नाही. त्याची मुलं आडवी आली. वत्सलाबाईही मागे लागली नाही. ती आणि पल्लवी मात्र दर महिन्याला एकदा पाड्यावर जाऊ लागल्या. जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, ते चंद्रभागेच्या ओट्यावर बसून तिथल्या बायकांना दाखवायच्या.

मंडळीत ही गोष्ट पसरली. मालनबाई एकदा म्हणाली, "बघ वत्सला, ह्याच्यासाठीच देवानं तुला तिथून काढलं होतं."

"असेल," वत्सलाबाई म्हणाली. "पण तुम्ही नका सांगू, मालनबाई. देवाचं देवाला सांगू दे."

आणि ती उपासनेला, नेहमीच्या जागी, जाऊन बसली.