शेरीफच्या कपाटातले बेचाळीस दिवस

माझे नाव काढले की माणसे भांडायला उठतात, म्हणून आधीच सांगते, मित्रांनो, मला भांडायचे नाही. मी एक जुनी रायफल आहे आणि मला नुसता वैताग आला आहे.

माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, हॅलोवे गावाबाहेर लिंडक्विस्टांचे मेंढ्यांचे कुरण आहे, तिथे मी साठ वर्षे काढली. धनी गेल्यावर त्यांची मुलगी व्हर्नाबाई माझी मालकीण झाली. बाई फार शिस्तीच्या. काम झाले की गोळ्या काढायच्या, नळी पुसून तेल द्यायचे आणि मला कुलपात ठेवायचे, यात कधी खंड नाही. कोकरांच्या दिवसांत कायोटी, म्हणजे आमच्याकडचे कोल्हे, कुंपणाशी येत. माझ्या एका आवाजाने ते पळत. माझ्यामुळे कळप टिकला असे बाई पाहुण्यांना सांगत, ते मला ऐकायला आवडे.

मग राज्यात नवा कायदा आला. परवाना नसलेल्याच्या हाती बंदूक देणे आणि त्याने ती घेणे, दोन्ही गुन्हे ठरले, मग तो सख्खा भाऊ का असेना. हा कायदा राज्याच्या विधिमंडळातले सिनेटर व्हिटकोम यांनी आणला होता. त्याच वसंतात बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि त्यांचा भाऊ ऑरिन कुरण सांभाळायला आला. त्याने परवान्यासाठी अर्ज केला होता, पण दोन महिने उत्तर नव्हते. कोल्हे काही थांबणार नव्हते. रुग्णालयात जाताना बाईंनी मला त्याच्या स्वाधीन केले.

तिसऱ्याच सकाळी शेरीफचा, म्हणजे आमच्याकडच्या पोलीसप्रमुखाचा, शिपाई टॉमी बर्क कुंपणाशी गाडी थांबवून उतरला. ऑरिनच्या हातात मला पाहून त्याने परवाना मागितला. त्याची मान वर होईना.

"ऑरिन, माझा नाइलाज आहे रे."

"मग जाता जाता कोल्ह्यांनाही तसं सांगून जा," ऑरिन म्हणाला.

बेचाळीस दिवस मी शेरीफच्या कपाटात पडून होते. तेल नाही, फडके नाही. नळीवर गंज चढला. बाई कुबड्या टेकत दर सोमवारी येत आणि फाइल वर गेली आहे एवढेच ऐकून परत जात. तिकडे एकोणीस कोकरे गेली.

एके दुपारी कारकून सँडविच खाताना वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होता. सिनेटरसाहेबांनी एका पाहुण्याला टर्की पक्ष्यांच्या शिकारीला नेले होते आणि स्वतःची बंदूक त्याच्या हाती दिली होती. फोटोही छापला होता. पाहुण्याकडे परवाना नव्हता. गैरसमज झाला, असे म्हणून प्रकरण मिटले होते. कारकून हसला. मला हसता येत नाही, मित्रांनो, नाहीतर मीही हसले असते.

पुढे साहेबांची गावात सभा झाली. तिथले मला नंतर ऑरिनकडून कळले. साहेबांच्या दोन्ही बाजूंना बंदूकधारी रक्षक होते. शाळेतल्या ग्रेटाबाई उठल्या. त्यांचा भाचा कुणीतरी फळीवर उघड्यावर ठेवलेल्या पिस्तुलाने गेला होता. असे कायदे हवेतच, असे त्या रडत म्हणाल्या. मग व्हर्नाबाई कुबडीच्या आधाराने उभ्या राहिल्या.

"ग्रेटा, तुझं दुःख मला कळतं गं. ती बंदूक कुलपात असायलाच हवी होती. पण साहेब, हा कायदा मला पटत नाही आणि तुम्हालाही पटलेला दिसत नाही. पटला असता तर तुम्ही पाळला असता. आम्हा भावंडांचा तो गुन्हा, मग तुमचा गैरसमज कसा?"

चौकशी चालू आहे, असे सांगून साहेबांनी घड्याळ पाहिले. रक्षकांनी दार उघडले.

मला भावाच्या हाती दिल्याबद्दल बाईंनी दंड भरला आणि मी घरी आले. ऑरिनला मात्र शिक्षा झाली. आता त्याला जन्मभर बंदूक धरता येणार नाही.

मित्रांनो, मी धोक्याची वस्तू आहे. मला सांभाळून ठेवा, नियम करा, पण नियम करणाऱ्याने तो आधी स्वतः पाळावा.

परवा पहाटे कोल्हे आले. बाई दुखऱ्या गुडघ्याने मला घेऊन कुंपणापर्यंत गेल्या. दोनदा धडपडल्या. शेजारून ऑरिन चालत होता. त्याने बाईंना सावरले, पण मला हात लावला नाही.