निषेधाचा ठराव

सासरे जन्मभर कामगार युनियनचे सरचिटणीस होते. निवृत्त झाले, पण बैठका काही सुटल्या नाहीत. आमच्या घरात पडदे बदलायचे तरी कुणीतरी ठराव मांडायचा, कुणीतरी अनुमोदन द्यायचं आणि मग सगळ्यांनी हात वर करायचे.

नवरा खोक्यांच्या कारखान्यात मशीनवर असतो. तिथला ओव्हरटाइम बंद होऊन पगार पाऊणवर आला, तेव्हा जेवणाच्या टेबलाभोवती बैठक भरली. विषय एकच, खर्चात कपात. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमच्याकडे अंथरूण आखडलं की पाय फक्त माझे दुमडतात.

सासऱ्यांची दोन वर्तमानपत्रं कपातीतून वाचली, कारण माणसाला जगाची खबर हवी. नवऱ्याचं खेळांचं चॅनल वाचलं, कारण दमून आलेल्या माणसाला विरंगुळा हवा. मग गाडी घसरली माझ्या ड्रायव्हिंग क्लासवर.

मी जीव तोडून सांगितलं की हा खर्च नाही, ही कमाई आहे. शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बाईंना या महिन्यात दुसरी ड्रायव्हर हवी होती. लायसन्स हातात पडलं की जागा माझी, असा त्यांनी शब्द दिला होता. नवरा म्हणाला, अर्धं शिकलीच आहेस, उरलेलं नंतर शीक. मग मुलांना अर्ध्या रस्त्यात उतरवू का, असं मी विचारलं. कुणी हसलं नाही. मुलगी तटस्थ राहिली, कारण पुढचा विषय तिच्या मोबाइलचा होता. दोन विरुद्ध एक. क्लास बंद.

दुसऱ्या दिवशी चरफडत क्लासच्या ऑफिसात गेले, उरलेली फी परत मागायला. मनात एक वेडी आशा होती. फी परत मिळत नाही म्हणाले, तर शिकणं भागच पडेल.

शिकवणारे सर गोंधळले. "ताई, तुमचे मिस्टर परवाच घेऊन गेले की पैसे."

बैठक काल झाली होती. म्हणजे मी घसा कोरडा करत होते, तेव्हा माझी फी कधीच खर्च झाली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

घरी येऊन सासऱ्यांच्या देखतच नवऱ्याला विचारलं. त्याने कबूल केलं, बाइकचे टायर गुळगुळीत झाले होते, ते बदलले. वर म्हणाला, "नाहीतरी तू ऐकलंच असतंस."

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "आमचा मालक एक नंबरचा बदमाश होता," ते मुलाला म्हणाले, "पण बैठकीच्या आधी कपात त्यानेही कधी केली नाही."

मला भरून आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या घरात कुणीतरी माझ्या बाजूने बोललं होतं.

त्यांनी तिथल्या तिथे तातडीची बैठक बोलावली. निषेधाचा ठराव स्वतः मांडला. मुलीने अनुमोदन दिलं. सगळ्यांचे हात वर गेले, नवऱ्याचाही, आणि तोही अगदी बिनदिक्कत. ठराव एकमताने मंजूर झाला. सासऱ्यांचा चेहरा खुलला. त्यांनी चहा टाकायला सांगितलं.

"आणि माझी फी?" मी विचारलं.

"तो वेगळा विषय आहे," सासरे म्हणाले. "पुढच्या महिन्याच्या बैठकीत घेऊ."

व्हॅनवाल्या बाईंना मी चहा न टाकताच फोन लावला. दुसरी कुणी मिळत असेल तर ठेवून घ्या, असं सांगितलं.