कमरेइतका वाफा
बायकोच्या पाठीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वाकायला बंदी केली आणि परसातला तिचा भाजीचा वाफा वाळून गेला. मुलाने लगेच सूर लावला, "आई, घर विका आता आणि माझ्याकडे या. लिफ्ट आहे, सगळं हाताशी आहे." ही म्हणाली, "बघू." हिचं 'बघू' म्हणजे अर्धं सामान बांधलं समजा! महिनाअखेरच्या रविवारी तो उत्तर घ्यायला येणार होता.

मी जन्मभर प्लंबर. मुलाच्या चकचकीत घरात साधा नळ गळला तरी फोन करून माणूस बोलावतात. तिथे मी काय करू, माशा मारू? पण हे हिला सांगायला जीभ रेटेना. मग पाना उचलला.

मोबाइलवर मातीविना भाजी बघितली होती. कमरेइतक्या स्टँडवर पसरट ट्रे, त्यात भाजलेल्या मातीचे गोळे, गोळ्यांत रोपं. खाली खताच्या पाण्याची टाकी, टाकीत पंप. टायमर लागला की पाणी चढून ट्रे भरतो. पंप थांबला की त्याच पाइपाने पाणी खाली उतरतं आणि मुळांना हवा मिळते. वाकायचं कामच नाही. व्हिडिओतलं पोरगं पाइप कसा जोडायचा ते सांगायला लागलं. म्हटलं, बापाला शिकवतोस? बंद केला.

जोडणी एक नंबर झाली. एक थेंब गळला असता तर नाव बदललं असतं. पालकाची रोपं लावली आणि माझी झोप उडाली. चहा अर्धा टाकून उठायचो, पंप वाजला का ऐकायचो. टाकीत पाणी कमी दिसलं की ओतायचो. ही म्हणायची, "अहो, बूड टेका की जरा!" टेकतंय कसलं. रोपं पिवळी पडत चालली होती. आधी बियाण्याला शिव्या घातल्या, मग खताला, मग दुकानदाराला. रविवार जवळ येत होता.

रविवारी मुलगा आला. ट्रेकडे बघून म्हणाला, "बाबा, हा तर आजाऱ्यांचा वॉर्ड झालाय."

ही ट्रेजवळ आली. उभ्या उभ्या तिने गोळ्यांत मनगटापर्यंत हात खुपसला, एक रोप उपटलं, मुळांचा वास घेतला.

"सडलीत. खाली पाणी आहे की हे सगळं! पंप तर मघाशीच बंद झाला. हे उतरतं कधी?"

मी पाइपावरून हात फिरवत खाली आलो आणि थांबलो. व्हॉल्व्ह! वर गेलेलं पाणी मागे फिरू नये म्हणून पंपापुढे बसवतात तो. इतकी वर्षं पंप म्हटलं की माझा हात तो बसवतोच. आणि इथे सगळा खेळच पाणी मागे फिरण्याचा. पोरांनो, मीच तुम्हाला बुडवून मारलं की रे!

तिथेच पाना लावला. ट्रेभर पाणी भसकन माझ्या मांडीवर आलं.

मुलगा हसला. "राहू द्या ना बाबा. मेलीत ती."

"मेली तर दुसरी लावीन!" मी ओरडलोच. "तीही मेली तर आणखी लावीन! मला नाही यायचं तुझ्याकडे. मला इथे राहायचंय, हिच्याबरोबर!"

ओल्या पँटीत मी तसाच उभा. ही माझ्याकडे बघतच राहिली.

"मग इतके दिवस मिठाची गुळणी धरून का बसलात?" तिचा आवाज चिरकला. "मला वाटलं, माझं करून करून कंटाळलात. तुमची सुटका होईल म्हणून मी हो म्हणणार होते. मला कुठे जायचंय हे घर सोडून!"

"मला वाटलं, तुलाच जायचंय."

"मला! कधी म्हटलं मी?"

आम्ही एकमेकांवर असे तुटून पडलो की मुलाचा विसरच पडला. तो मध्येच म्हणाला, "म्हणजे दोघांनाही यायचं नव्हतं?"

"नव्हतं!" आम्ही एकदमच म्हणालो आणि हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी ही खळखळून हसली.

तो हसला नाही. "मी तुमच्यासाठी खोली रंगवून घेतली होती," तो म्हणाला. "आईच्या आवडीच्या रंगाने."

हिने हातातलं सडकं रोप ट्रेवर ठेवलं आणि त्याचा हात धरला.